शिवेपलीकडे गेलेला गाडा

टाकळझरीचे पोलीस पाटील गहिनीनाथ हे देव मानणाऱ्यांतले नव्हते, पण देवाच्या कुठल्याही कार्याला सगळ्यांच्या आधी हजर असणाऱ्यांतले होते. यात काही खोट आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पारनेर तालुक्याच्या त्या उजाड कोपऱ्यात सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला तो एकटाच माणूस. सुप्याच्या सडकेवर मोटारीनं येणारं वर्तमानपत्र दोन दिवसांनी त्यांच्या ओसरीवर पोचायचं. ते वाचून झालं की चष्मा पुसत पाटील म्हणायचे, "लोकांना देव लागतो अन् आपल्याला लोक लागत्यात. मग देवाशी वाकडं कशाला घ्यायचं?" ऐकणारे माना डोलवायचे, आणि आपण शहाणपणाचं बोललो असं पाटलांना वाटायचं. तसं ते शहाणपणाचं होतंही. या गोष्टीत जे काही वाईट झालं ते सगळं शहाणपणानंच झालं.

सेहेचाळीस सालच्या वैशाखात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. आधी वेशीजवळच्या एका घरात सासू-सून दोघी एकाच दिवशी गेल्या, मग कुंभाराचा म्हातारा, मग एक तान्हं पोर, मग आणखी दोघं. चार दिवसांत सहा माणसं. पाटलांनी तालुक्याला कागद धाडला आणि आश्चर्य म्हणजे तिसऱ्या दिवशी सरकारचा माणूस खरंच आला. शामकांत मुळे त्याचं नाव. नगरच्या आरोग्य खात्यातला इन्स्पेक्टर, पंचविशीचा, डोक्यावर हॅट, सायकलच्या मागे लाकडी पेटी. त्यानं आल्या आल्या दोन्ही विहिरींत लाल औषध टाकलं, आजाऱ्यांची अंथरुणं जाळा म्हणून सांगितलं आणि चावडीत टेबल मांडून सुया उकळत ठेवल्या.

टोचून घ्यायला एक माणूस आला नाही. दवंडी दिली, तरी नाही. बाया दारं लावून बसल्या, गडी रानात पळाले. अंथरुणंही कुणी जाळली नाहीत. गोधडी शिवायला दोन-दोन महिने लागतात आणि त्या साली कापड रेशनवर मिळायचं. लोकांचं म्हणणं सरळ होतं. गावात मरीआई आली आहे. आलेल्या बाईला सुई टोचून हाकलतात का? तिला मानपान करून वाटेला लावायची असते.

वाटेला लावायची म्हणजे गाडा काढायचा. कमरेएवढा लाकडी गाडा, त्यात लिंबाच्या डहाळ्यांवर आईचा लाकडी मुखवटा. घरोघरच्या बाया ओटी भरतात. ज्या घरात आजारी असेल त्या घरचे लोक आजाऱ्याच्या अंथरुणाची चिंधी फाडून गाड्याला बांधतात, म्हणजे आजार चिंधीबरोबर जातो. मग गडी गाडा ढकलत शिवेपर्यंत नेतात, शेजारच्या गावाच्या हद्दीत लोटून देतात, शिवेवरच्या पाण्यात चिंध्या सोडतात, स्वतः आंघोळ करतात आणि मागं न बघता घरी येतात. शेजारचं गाव गाडा बघतं, घाबरतं, आपली ओटी भरून तो पुढच्या शिवेवर नेऊन सोडतं. असं करत आई शेवटी कुठं जाते, शेवटच्या गावाचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

संध्याकाळी शामकांत पाटलांच्या ओसरीवर चहा घेत म्हणाला, "पाटील, या लोकांचं काय करायचं हो? मरायला तयार आहेत, पण दंड पुढे करायला नाहीत."

पाटील हसले. "सायेब, त्यांची आई त्यांना म्हनली की घ्या टोचून, तर घेतील."

"मग म्हणू द्या की!"

बोलता बोलता दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. गावात आईचा पोतराज होता आसाराम. अंगावर आसूड मारून घेणारा, केस वाढवलेला, पन्नाशीचा माणूस. त्याच्या अंगात आई यायची आणि ती जे बोलेल ते गावात कलेक्टरच्या हुकमापेक्षा वरचं. आसारामच्या तोंडून आईनं सांगायचं: आधी सगळ्यांनी टोचून घ्या, मगच मी गाड्यात बसते. लोकांची श्रद्धा जागच्या जागी राहील आणि सरकारचं कामही होईल.

"हेच तर मी नगरला सगळ्यांना सांगत असतो," शामकांत खूश होऊन म्हणाला. "धर्माशी भांडायचं नाही. त्याचा असा उपयोग करून घ्यायचा. गाड्यानं कुणाचं काय वाईट होणार आहे? लोकांना तेवढंच बरं वाटतं."

आसारामला बोलावून घेतलं. तो अंगणातच उभा राहिला आणि सगळं ऐकून खाली बघत म्हणाला, "पाटील, आईच्या तोंडून म्या कदी खोटं बोललो न्हाई."

"खोटं कुटं हाय? लोकांच्या भल्याचं हाय."

"भल्याचं आसंल. पर ती बोलली न्हाई, तुमी बोलताय."

"आसाराम, आनखी सहा मेली मंग बोलशील का?"

आसाराम म्हणाला, "बोलतो. पर एक ऐका. गाडा वरच्या डोंगराकडं काढा. माझा बाप तिकडंच न्यायचा. तिकडं वस्ती न्हाई, आई रानात ऱ्हाती. पूर्वेला बोरदरा हाय, अन् वढ्याचं पानी तिकडंच उतरतंय."

"बघू," पाटील म्हणाले. पाटलांचं 'बघू' म्हणजे काय ते गावाला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी देवळापुढं आसाराम घुमला. आई बोलली. दुपारपर्यंत चावडीपुढं रांग लागली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, रानातले गडी, सगळे बाह्या वर करून उभे. शामकांतचा हात दुखून आला, पण चेहरा उजळला होता. एवढं अख्खं गाव एका दिवसात टोचलेलं खात्यात कुणी बघितलं नव्हतं. लस संपली. बोरदऱ्याला पुढच्या सोमवारी नवी पेटी घेऊन येतो असं सांगून तो जेवून सायकलवर बसून निघून गेला. जाताना म्हणाला, "पाटील, तुमच्यासारखी चार माणसं तालुक्यात असती तर!" पाटलांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं.

आता गाडा. डोंगर दोन कोस, सगळी चढण, वैशाखाचं ऊन, आणि टोचून घेतलेल्या निम्म्या लोकांना कणकण आलेली. पूर्वेची शीव अर्ध्या कोसावर, उताराची वाट. पाटलांनी फार विचार केला नाही. "पूर्वेला घ्या," त्यांनी सांगितलं. लाकडाचा गाडा आणि हळद-कुंकू; डोंगरावर गेला काय नि ओढ्यावर गेला काय.

पण घरात कडूबाईंनी, त्यांच्या बायकोनं, चुलीपुढची काठवट सरकवून ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या.

"बोरदऱ्याला? आवं, राही हाय तिथं."

राही त्यांची एकुलती एक लेक. दोन वर्षांमागं बोरदऱ्याच्या कानिफनाथला दिलेली. अठरा वर्षांची, बोलकी, माहेरी आली की बापाचं वर्तमानपत्र उलटं धरून मोठ्यानं वाचल्याचं सोंग करणारी. पाटील हसून हसून बेजार व्हायचे.

"मंग? राहीला काय गाडा चावनार हाय?"

"तुमच्या पाया पडते. डोंगराकडं न्या. न्हाईतर आदी पोरीला हितं आना."

"येडी का काय तू? पटकी हितं हाय, तिथं न्हाई. चांगल्या गावातली पोर आजाराच्या गावात आनू?" बोलणं बिनतोड होतं. शिकलेल्या माणसाचं बहुतेक असतं. "लाकूड हाय ते कडू. लोकांच्या समाधानासाठी चाललंय. तू तरी लोकांसारखं करू नगंस."

दुपार कलली तसा डफ वाजायला लागला. घराघरांतून बाया ओट्या घेऊन आल्या. कुणी गोधडीची चिंधी बांधली, कुणी अंथरुणाचं आख्खं धडपं गाड्यात टाकलं. शामकांतनं सांगूनही जी अंथरुणं जळली नव्हती ती आईच्या नावानं आपणहून गावाबाहेर चालली होती. पाटील ओसरीवर उभे राहून बघत होते आणि त्यांना मनातून आनंद झाला. हेच ते, त्यांनी स्वतःशी म्हटलं. हुकमानं होत नाही ते श्रद्धेनं होतं.

मानाची ओटी पाटलांच्या घरची. गाडा दारापुढं थांबला. कडूबाई बाहेर आल्या, पण त्यांच्या हातात ना खण होता ना नारळ. त्या सरळ गाड्यापुढं गेल्या आणि दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या.

"आई, तिकडं जाऊ नगंस. माझी लेक हाय तिकडं. माघारी फिर. माझ्या घरात ये, मला ने."

डफ थांबला. गाडा अडवायचा नसतो. निघालेल्या आईला माघारी बोलवायचं तर मुळीच नसतं. बायांनी तोंडावर पदर घेतले. कुणीतरी म्हातारी "आगं बाई, बाई" करत खाली बसली. पाटील पायऱ्या उतरून आले, बायकोला दंडाला धरून बाजूला केलं आणि सगळ्यांकडं बघून हसले, जशी काही लहान पोराची समजूत घालतात. मग स्वतःच ओटीचं ताट आणून गाड्यात ठेवलं. गाडा पुढं गेला. आसाराम गाड्यापुढं चालत होता, त्यानं पाटलांकडं पाहिलं नाही.

शिवेवर ओढ्याला एक डोह होता. वैशाखात वाहतं पाणी बोटभर, पण डोहात मांडीएवढं असायचं. गड्यांनी गाडा पलीकडं लोटला, चिंध्या आणि धडपी डोहात सोडली, आंघोळी केल्या आणि मागं न बघता परत आले.

त्यानंतर टाकळझरीत एकही माणूस गेलं नाही. दोघं आजारी होते तेही उठून बसले. सगळा गाव म्हणू लागला, आई गेली. सुईचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सुईनं फक्त ताप आला होता. पाटलांना याचं थोडं हसू आलं, थोडं वाईट वाटलं. पण श्रेयाचं काय घेऊन बसायचं, माणसं जगली ना. ते मामलेदाराला लिहायच्या रिपोर्टाचा मसुदा करत बसले.

शनिवारी सकाळी बोरदऱ्याहून माणूस आला. राहीला काल दुपारपासून जुलाब-उलट्या चालू होत्या. गावात चौघं गेली होती.

बैलगाडी जुंपून दोघं निघाले. ओढा ओलांडताना कडूबाईंनी डोळे मिटून घेतले. पाटील मात्र सारखे बोलत होते: पाणी उकळून द्यायचं, शामकांतला निरोप धाडलाय, जवान पोर आहे, निभावून नेईल.

राही दारातल्या बाजेवर होती. डोळे खोल गेलेले, हाताची बोटं म्हातारीसारखी सुरकुतलेली. आवाज पार बसला होता. तिची सासू बनुबाई उशाशी बसून तिला पाणी पाजत होती, मातीच्या गाडग्यातलं, गार. आईला बघून राहीनं ओठ हलवले. बापाकडं बघून ती जरा हसली असंही पाटलांना नंतर नेहमी वाटत राहिलं. दिवस माथ्यावर यायच्या आत ती गेली.

बनुबाई रडत नव्हती. कोरड्या डोळ्यांनी तिनं पाटलांकडं पाहिलं. "मंगळवारी तुमच्या गावानं आई आमच्या शिवंत लोटली, पाटील. आमाला सांगावा तरी धाडायचा. तुमचीच पोर हुती की हितं."

"आईचा काय संबंध..." पाटील बोलू लागले आणि थांबले. प्रेत समोर होतं. कुणाला काय समजावणार?

दुसऱ्या दिवशी शामकांत धापा टाकत आला. तोवर मेलेल्यांचा आकडा सात झाला होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

कानिफनाथनं दाखवलं. विहीर चैतातच आटली होती. सगळं गाव ओढ्याच्या वाळूत खड्डे खणून पाझरलेलं पाणी भरत होतं. त्यांना झिरे म्हणतात. पाणी नितळ, गोड. शामकांत ओढ्याच्या कडेकडेनं वर निघाला, पाटील पाठोपाठ. दुसऱ्या झिऱ्याच्या काठाला, धारेत आलेली एक चिंधी दगडाला अडकली होती. शामकांतनं काडीनं उचलली. गोधडीची चिंधी. तिच्यावर हळदीचा पिवळा डाग होता आणि दुसराही एक डाग होता.

"ही कुठून आली?"

पाटलांनी वर पाहिलं. अर्ध्या कोसावर शिवेची बाभळ दिसत होती, बाभळीखाली डोह. त्यांना सगळं कळलं. रोग कसा गेला, कोणत्या वाटेनं गेला, कुणी पाठवला. आईनं काही केलं नव्हतं. लाकडानं काही केलं नव्हतं. अडाणी बायकोला जे वाटलं होतं ते खरं निघालं होतं आणि शिकलेल्या नवऱ्याला जे कळायला पाहिजे होतं ते कळलं नव्हतं. ओसरीवर उभं राहून त्यांनी त्या चिंध्या जाताना बघितल्या होत्या आणि खूश झाले होते.

"काय की," ते म्हणाले. "कुनाचीतरी आसंल."

शामकांतनं त्यांच्याकडं पाहिलं. गाडा काढा म्हणणाऱ्यांत तोही होता. गाडा पूर्वेला गेल्याचं त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. मग शामकांतनं ती चिंधी वाळूत पुरली, हात धुतले आणि संध्याकाळी रिपोर्टात लिहिलं: स्थानिक झिऱ्यांतील दूषित पाणी. ते खोटं नव्हतं.

गावात मात्र वेगळा रिपोर्ट तयार झाला होता. त्यात काहीच शंका नव्हती. पाटलीणबाईंनी निघालेल्या आईला वाटेत अडवलं, म्हणून आईनं बरोबर त्यांच्याच लेकीला उचललं. बाकीची सात-आठ गेली ती आईच्या रागाच्या झळीनं. बाया पाणवठ्यावर हे कुजबुजत आणि कडूबाई आल्या की घागर उचलून चालू लागत.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आसाराम आला. अंगणात उभा राहिला, नेहमीसारखा.

"पाटील, त्या दिशी तुमी सांगितलं ते म्या आईच्या तोंडून बोललो. आता एक डाव माझ्या मनानं बोलू का? बाईचा दोस न्हाई, आसं सांगतो समद्यास्नी. आई म्हनली म्हनून ऐकत्याल. बाईच्या जिवाला बरं वाटंल."

पाटील ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. आसाराम बोलला तर गाव ऐकेल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाईचा दोष नाही म्हटल्यावर मग दोष कुणाचा, हा प्रश्न यायचा. गाडा पूर्वेला कुणी घ्यायला लावला? टोचणीचं आईच्या तोंडात कुणी घातलं? पाणवठ्यावरून तो प्रश्न बोरदऱ्याला जायचा, तिथल्या आठ घरांत जायचा, मग तालुक्याला.

"नगं," पाटील म्हणाले. "आता आनखी काई नगं. लोक इसरत्याल."

आसाराम जायला वळला. "आईच्या तोंडून खोटं वदवताना तुमाला आई चालली," एवढंच म्हणाला आणि गेला.

त्या दुपारी कडूबाई ज्वारी निवडत होत्या. निवडता निवडता हात थांबला.

"आवं, तुमी शिकल्यालं हाय. खरं सांगा. माझ्यामुळंच न्येली ना आईनं पोरगी?"

सांगायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. चिंध्या, डोह, झिरे. अडाण्यालाही कळेल इतकं सोपं. कडू, तू अडवलंस तेच बरोबर होतं, मी तुला बाजूला केलं. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईच्या छातीवरचा धोंडा उतरला असता, आणि तो कुणाच्या छातीवर बसला असता तेही पाटलांना माहीत होतं.

"आईच्या मनात काय आसतंय," ते म्हणाले, "ते कुनाला ठावं."

उभ्या जन्मात ते असं पहिल्यांदा बोलले होते. कडूबाईंनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. नवराही तसंच म्हणतो म्हटल्यावर आता संशय कसला राहायचा? त्यांनी पुन्हा ज्वारी निवडायला घेतली, आणि पाटलांनी उठून चपला घातल्या आणि काही काम नसताना चावडीवर जाऊन बसले.

पुढं गावानं शिवेवर आईचं ठाणं बांधलं. दर मंगळवारी कडूबाई अनवाणी तिथं जायच्या आणि दगडापुढं नाक घासायच्या. ऊन असो, थंडी असो, सालं लोटली तरी त्यात खंड पडला नाही. नाकाच्या शेंड्याला घट्टा पडला. पाटीलही बरोबर जायचे. लोक कौतुकानं म्हणायचे, लेक गेल्यापासून पाटलांना देव कळला. कडूबाई दगडापुढं वाकलेल्या असायच्या तोवर ते बाभळीच्या सावलीत उभे राहायचे, डोहाकडं पाठ करून. एकदा न राहवून ते म्हणाले, "कडू, आता पुरं कर."

"माझं पाप हाय," त्या म्हणाल्या. "मलाच फेडू द्या."

पाटलांनी फेडू दिलं.